साळवे बाई आणि मेलेला सांताक्लॉज

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही. बायको म्हणते, दुधाची पिशवी फुटली तरी तुम्ही भूकंप झाल्यासारखे उभे राहता. असेल. पण साळवे बाईंनी मला जे धक्के दिले त्यांना माझा स्वभाव जबाबदार नाही. ते कुणालाही बसले असते. त्यातला पहिला बसला तेव्हा मी लाल झगा घालून, कापसाची दाढी लावून, डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या हॉलच्या दाराआड उभा होतो.

मी त्या शाळेत पीटी शिकवतो. पीटीच्या मास्तराला पोट असू नये हे मलाही कळतं. पण ते आहे, आणि ते आहे म्हणूनच दर नाताळात सांताक्लॉजचं काम माझ्या गळ्यात पडतं. ड्रेस मी ठाण्याहून आणतो. मी राहतो टेंभी नाक्याच्या मागे, आणि तिथे कपडे भाड्याने देणारा माझ्या ओळखीचा आहे. दाढी मात्र तीच, जी नवरात्रात देखाव्यातल्या ऋषींना लागते. त्यामुळे आमच्या सांताला बारा महिने उदबत्तीचा वास येतो.

त्या दिवशी पहिलीच्या टीचर आजारी होत्या, म्हणून मुलांना सांभाळायला साळवे बाईंना पाठवलेलं. बाई आठवी-नववीला इतिहास शिकवायच्या. सहा-सात वर्षांची मुलं इतिहासाच्या बाईंच्या ताब्यात द्यायची कल्पना कुणाची होती, ते पुढे कुणीच कबूल केलं नाही. मी आत जायच्या तयारीत होतो, इतक्यात ओवी नावाच्या एका चिमुरडीचा आवाज आला.

"टीचर, सांता किती वर्षांचा आहे?"

"तो नाही गं आता, बाळा," बाई म्हणाल्या. "तो वारला."

मग एका मुलाने विचारलं, "वारला म्हणजे मेला?"

"हो. झाली की सतराशे वर्षं. फार चांगला माणूस होता."

नेमकं तेव्हाच, आतलं काहीच न ऐकलेल्या संगीताच्या सरांनी पेटीवर सूर धरला. तो माझा इशारा होता. आता थांबावं की जावं हे ठरवायच्या आत सवयीने माझे पाय चालायला लागले आणि मी घंटा हलवत "हो हो हो" करत आत शिरलो.

"भूत! मेलेला सांता आला!"

पहिलीचा अख्खा वर्ग किंचाळला. कुणी बाकाखाली, कुणी बाकावर, ओवी बाईंच्या पदरात. मुलं एका दाराने पळाली आणि मी दुसऱ्याने. भेटवस्तूंचं पोतं मध्येच पडून राहिलं. थोड्या वेळाने बाई पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "परब सर, बसा तुम्ही. मुलं सावरली. तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय."

साळवे बाई दिसायला अगदी साध्या. बारीक अंगकाठी, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात वडिलांचं पुरुषी घड्याळ. आईबरोबर राहायच्या मोहन्याला, आणि तिथून रोज कल्याणमार्गे यायच्या. कुठल्याही खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. वर्गाबाहेर, स्टाफरूमबाहेर, प्रिन्सिपल मॅडमच्या एसी केबिनबाहेरसुद्धा. आम्ही बूट घालून आत आणि बाई अनवाणी. चपलांच्या जोडावरून त्या माणसं ओळखायच्या. बाहेर नजर टाकून सांगायच्या, "आज शिपाईमामा चिडलेत, फेकून काढल्यात चपला." एकदा माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "परब सर, डावा तळवा बाहेरून झिजलाय. गुडघा दाखवून घ्या." मी हसलो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि मला अर्थातच धक्का बसला.

त्यांचा एक शब्द होता: "पुढे?" कुणीही रडगाणं सुरू केलं की बाई शांतपणे ऐकायच्या आणि विचारायच्या, "पुढे?" पगार उशिरा झाला. "पुढे?" सुनेने उलट उत्तर दिलं. "पुढे?" बहुतेकांच्या गाऱ्हाण्याला पुढे काही नसायचंच. स्टाफरूममध्ये त्यांना कुणी फारसं जवळ केलेलं नव्हतं, आणि त्या मात्र प्रत्येकाशी, अगदी त्यांची नक्कल करणाऱ्या भूगोलाच्या बाईंशीसुद्धा, इतक्या अदबीने वागायच्या की मला कधीकधी राग यायचा. एवढं काय गोड वागायचं लोकांशी, असं मला वाटायचं. कारण फार उशिरा कळलं.

त्या भूतप्रकरणानंतर मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर डबा उघडून बसलो आणि विचारलं, "बाई, कोण मेला नक्की?"

बाईंनी जे सांगितलं त्याने माझी भाजी तशीच राहिली. निकोलस नावाचा बिशप, म्हणजे मोठा पाद्री. राहायला आजच्या तुर्कस्तानात, समुद्रकाठच्या एका गावात.

"बर्फात नाही?"

"बर्फ कसला! अलिबागसारखं गाव असणार. आईबाप साथीत गेले, इस्टेट याला मिळाली, ती याने वाटून टाकली. गावात एका माणसाचा धंदा बुडालेला. तीन मुली. हुंडा नाही म्हणून लग्नं नाहीत."

"हुंडा? तिकडेही?"

"तिकडेही. मुली विकायची पाळी आलेली. तर याने एका रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, थोरलीपुरती. मग मधलीपुरती. कुणी म्हणतं थैली वाळत टाकलेल्या मोज्यात पडली, कुणी म्हणतं बुटात. तिसऱ्या वेळी बाप दबा धरून बसला आणि याला पकडलं. पाया पडायला लागला. हा म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

"मग कळलं कसं?"

"बापाने सांगितलं असणार. बापांच्या पोटात काही राहतं का?"

शिवाय या सज्जन माणसाने म्हणे भर धर्मसभेत एकाच्या कानाखाली वाजवली होती. आणि तो गेल्यावर कित्येक शतकांनी इटलीच्या खलाशांनी त्याची हाडं थडग्यातून काढून बोटीतून पळवून नेली होती. माझ्या तोंडात घास होता, तो मी कसाबसा गिळला. इतकी वर्षं मी एका कानाखाली वाजवणाऱ्या, हाडं चोरीला गेलेल्या माणसाचं सोंग करत होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं!

"आणि हे पोट?" मी विचारलं. "हरणांची गाडी, हो हो हो?"

"ते सगळं पुढे अमेरिकेत लागलं. चित्रं काढणाऱ्यांनी लावलं. मूळ माणूस वाळलेला होता. तुमचं पोट इतिहासाला धरून नाही, परब सर." डबा बंद करता करता त्या म्हणाल्या, "त्याचा दिवस पंचवीस डिसेंबर नाहीच. सहा डिसेंबर."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सहा डिसेंबरला बाईंची दरवर्षी रजा असायची. आईला घेऊन दादरला जायच्या, चैत्यभूमीला. हार-फुलं नाहीत, मुलांना वाटायला पेनांची पिशवी न्यायच्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

"सहा डिसेंबर?" मी पुन्हा विचारलं.

"सहा डिसेंबर," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

नाताळची सुट्टी संपेपर्यंत पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटलेला होता. "माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही." "धिस इज ट्रॉमा." "अशा टीचरला ठेवतातच कसे?" सगळ्यात जोरात ओवीचे बाबा. प्रिन्सिपल मॅडमनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा क्रीडा दिनाचं सामान मागायला आलेला मी कोपऱ्यात उभा होतो. मॅडम वाईट नव्हत्या. बाईंची नोकरी कंत्राटी आहे, दर एप्रिलमध्ये नव्याने सही होते आणि मोहन्याचं घर त्या एका पगारावर चालतं, हे त्यांना माहीत होतं.

"साळवे बाई, एक वाक्य," मॅडम काकुळतीला येऊन म्हणाल्या. "पालकांसमोर मुलांना एवढंच सांगा की मी गंमत केली, सांता आहे. विषय संपला. तुमच्या सहीचं मी बघते."

"मॅडम, मेलेल्या माणसाला मी पहिलीत जिवंत केलं, तर नववीत कुठल्या तोंडाने शिकवू?"

"अहो, लहान मुलं आहेत ती!"

"म्हणूनच. मोठ्यांना खोटं सांगितलं तर ती विसरतात."

मी मनात म्हटलं, बाई, बोलून टाका ना! एका वाक्याने कुणाचं काय बिघडतं? पण बाई चपला घालून चालत्या झाल्या. फक्त जाता जाता म्हणाल्या, "मुलांना दुखावलं ते खरं. ते मी भरून काढते."

तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

भरून काढलं ते असं. जानेवारीत पहिलीचा एक तास मागून घेऊन बाईंनी मुलांना सगळी गोष्ट सांगितली. माणूस मेला, पण काम बंद पडलं नाही. तेव्हापासून ते कुणी ना कुणी करत आलंय, आणि आता ते तुमच्याकडे. आपल्या इमारतीतलं असं एक दार शोधायचं, जिथे कुणाला तरी कशाची तरी गरज आहे. दाराबाहेरच्या चपलेत ती वस्तू ठेवायची. नियम दोनच: ठेवताना कुणी बघता कामा नये आणि नंतर कुणाला सांगता कामा नये, आईलासुद्धा नाही.

विलायतेत म्हणे निकोलसच्या दिवशी मुलं मुद्दाम बूट दाराबाहेर ठेवतात. आपल्याकडे मुद्दाम ठेवायची गरज काय? कल्याण-डोंबिवलीत प्रत्येक दाराबाहेर चपला आहेतच. बाईंच्या योजनेत काही खोट नव्हती. फक्त आपल्याकडे सकाळी सकाळी दाराशी अनोळखी वस्तू सापडली तर लोक काय समजतात, हे बाईंच्या त्या विज्ञाननिष्ठ डोक्यात आलंच नाही.

बहुतेक ठिकाणी निभावलं. कुणाच्या चपलेत चिक्की निघाली, कुणाच्या खोडरबर. ओवीच्या मजल्यावर मात्र समोरच्या लेले आजी दूध घ्यायला बाहेर आल्या, चपलेत पाय घातला आणि अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरची माणसं वर धावली.

चपलेत एक पिवळंधमक लिंबू होतं. त्याला लाल रिबीन गुंडाळलेली. आणि रिबीन सुटू नये म्हणून वर टाचणी टोचलेली.

आता सांगा, कोण म्हणेल ही नाताळची भेट? लेले आजी आणि ओवीचं घर यांच्यात बाथरूमच्या गळतीवरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आजींनी पायरीवरच जाहीर केलं, "करणी केलीन्! मी सांगत्ये ना, या समोरच्या बाईनेच!" ओवीची आई म्हणाली, "तोंड सांभाळून बोला, आम्ही एज्युकेटेड लोक आहोत!" सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी चिमट्याने लिंबू उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, आणि मग सगळ्यांनी मिळून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात झोपेच्या फ्रॉकमधली ओवी, चवड्यांवर चालत, इकडे तिकडे बघत, चपलेपर्यंत जाताना स्वच्छ दिसत होती.

"माझ्या मुलीला करणी शिकवली शाळेने!" ओवीचे बाबा मॅडमच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटत होते. लेले आजी काठी धरून खुर्चीत. मधोमध पिशवीतलं लिंबू. बाई आणि ओवी भिंतीशी. मला धरून आणलं होतं ते, गरज पडली तर कुणाला आवरायला.

"कुणी सांगितलं तुला हे ठेवायला?" बाबांनी विचारलं.

ओवी गप्प.

"ओवी, कॅमेऱ्यात दिसलीयस तू!"

"मी नाही सांगणार." रडत होती, पण सांगितलं नाही. नियम तो नियम.

"मी सांगितलं," बाई म्हणाल्या. "तिला विचारू नका, मला विचारा."

लेले आजी इतका वेळ ओवीकडे एकटक बघत होत्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरली, आणि त्यांनी विचारलं, "पण लिंबूच का गं?"

ओवीने आधी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली.

"तुम्ही खोकता ना," ओवी अगदी हळू म्हणाली. "आमच्या भिंतीतून ऐकू येतं. मला खोकला झाला की आई लिंबू-मध देते. मध बाटलीत होता, तो चपलेत सांडला असता."

मी आयुष्यात बरेच सामने हरलेले बघितलेत, पण चार मोठी माणसं एका वाक्यात अशी गारद झालेली नव्हती बघितली. आजी उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, टेबलावरची लिंबाची पिशवी उचलली आणि काठी टेकत निघून गेल्या.

मला वाटलं, सुटलो. पण ओवीचे बाबा सुटायला तयार नव्हते, आणि आता प्रकरण संस्थेच्या कमिटीपर्यंत गेलेलं. कमिटीने तोच निरोप पाठवला: पालकसभेत बाईंनी ते एक वाक्य बोलावं, नाहीतर एप्रिलमध्ये सही होणार नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंना रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला गेलो. मी चिडलेलो. "बाई, तुमचा एवढा काय जीव अडकलाय त्या मेलेल्या माणसात? बोला आणि मोकळ्या व्हा!"

बाईंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "मी पाचवीत असताना वडील गेले. मोहन्याला, कारखान्याच्या चाळीत. आई त्या वर्षी सहा डिसेंबरला दादरला जाऊ शकली नाही, इतकी वाईट वेळ होती. सकाळी शाळेचे बूट घालायला बाहेर आले, तर बुटात नवे मोजे. त्यात एक संत्रं."

"कुणी ठेवलेलं?"

"माहीत नाही. पुढच्या वर्षी तोच दिवस, परत मोजे, परत संत्रं. दहावी होईपर्यंत. चाळीत सगळ्या जातीधर्माची माणसं. ख्रिश्चन घरं होती, पुढे ही निकोलसची गोष्ट वाचल्यावर वाटलं त्यांच्यातलंच कुणी. पण सहा डिसेंबर तर आमचाही. मग आमच्यातलं कुणी का नसेल? नळावर आईशी भांडणारी मावशी असेल. दारू पिऊन पडणारे काका असतील. मला कधीच कळलं नाही, परब सर."

"मग?"

"मग काय? कुणी दिलं ते माहीत नसलं की सगळ्यांशीच नीट वागावं लागतं. कुणाला तुसडेपणाने बोलायला गेलं की वाटायचं, हेच ते असले तर? अजून वाटतं." त्या थांबल्या. "मुलांना हरणांच्या गाडीतला सांगितला की ती आभाळात बघतात. देणारा शेजारी राहतो, हो. ते वाक्य मी कशी बोलू?"

मी रस्त्यात उभा राहिलो. नक्कल करणाऱ्या भूगोलाच्या बाईंना हात जोडणाऱ्या साळवे बाई मला आठवल्या. "पुढे?" असं विचारायला तोंड उघडलं, तोवर बाई रिक्षात बसल्या होत्या.

पालकसभेत बाई ते वाक्य बोलल्या नाहीत. एप्रिलमध्ये सही झाली नाही.

शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा-सामोसे झाले. भाषणं झाली, सगळी खोटी, एक मॅडमचं सोडून. त्यांना मध्येच बोलता येईना. मी नेहमीसारखा दाराशी खुर्ची टाकून बसलेलो. येणारा-जाणारा माझ्या नजरेतून सुटत नाही, पीटीच्या मास्तराचं कामच ते. बाईंनी पर्स खांद्याला लावली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि तशाच थबकल्या.

मी वाकून बघितलं. बाईंच्या दोन्ही चपला काठोकाठ भरल्या होत्या. संत्र्याच्या गोळ्या, अर्धी झिजलेली पेन्सिल, चिक्कीचे तुकडे, केसांची पिन, लहान मुलाच्या मापाचे मोज्यांचे दोन जोड. पाय घालायला जागाच नव्हती. मला जो धक्का बसला तो आजतागायत ओसरलेला नाही. मी तिथेच बसलेलो! एकही मूल जवळ आलेलं मला दिसलं नव्हतं.

डाव्या चपलेत, या सगळ्याच्या मधोमध, लिंबाच्या लोणच्याची बुटकी बाटली होती. झाकणाला लाल रिबीन गुंडाळलेली, आणि ती सुटू नये म्हणून टाचणी लावलेली.

बाई उकिडव्या बसल्या. मग मान वर करून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं: शिपाईमामांकडे, मॅडमकडे, भूगोलाच्या बाईंकडे, फाटकाशी मुलांना न्यायला आलेल्या पालकांकडे. त्यात ओवीचे बाबाही होते.

"पंचाईत झाली, परब सर," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसत होत्या. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता इथेही सगळ्यांशी नीट वागावं लागणार. कोण आलेलं?"

"मला कोणी दिसलं नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. रिबीन मी ओळखली होती. पण ते मी बोललो नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं, डांबर मऊ झालं होतं. मी म्हटलं, बाई, पिशवी देतो, त्यात ओता. त्यांनी मान हलवली. दोन्ही चपला तळहातांवर आडव्या धरून, काही सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत, त्या अनवाणी रिक्षा स्टँडकडे गेल्या. कल्याणची रिक्षा लागलेली होती. बाईंनी आधी चपला सीटवर ठेवल्या, आणि मग स्वतः शेजारी बसल्या.